वीस मिनिटं, दोन ड्रमर आणि उतरलेली गिटार: लेड झेपेलिन, फिलाडेल्फिया १९८५

सकाळपासून उन्हात तापलेलं फिलाडेल्फियाचं जेएफके स्टेडियम, नव्वद हजारांच्या आसपास माणसं आणि रात्री आठचा सुमार. १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एडच्या, म्हणजे दुष्काळनिधीसाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेल्या कार्यक्रमाच्या मंचावर लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट आणि बेस व कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स एकत्र आले तेव्हा उठलेला गलका रेकॉर्डिंगवर आजही अंगावर येतो. लेड झेपेलिनची शेवटची मैफल बर्लिनला ७ जुलै १९८० रोजी झाली होती. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे लोकांनी पाच वर्षं वाट पाहिली होती. पदरात पडली ती तीन गाणी, जेमतेम वीस मिनिटांची, आणि त्या वीस मिनिटांत धड जमून आलेलं फार थोडं आहे. पाचपैकी एक गुण. त्याहून जास्त देववत नाही.

खुद्द कलाकारांचं मतही वेगळं नाही. लाइव्ह एडची डीव्हीडी २००४ मध्ये निघाली, तेव्हा त्यांनी आपला भाग तीत घालायला परवानगी दिली नाही. कार्यक्रम दुष्काळग्रस्तांसाठीचा होता, म्हणून नुसता नकार न देता दुसऱ्या कामाचं उत्पन्न निधीला देऊ केलं, पण ही वीस मिनिटं पुन्हा विकायला ठेवली नाहीत. आज जे चित्रीकरण हाती लागतं ते त्या दिवशीच्या टीव्ही प्रक्षेपणाचं. आवाजाची प्रत त्या मानाने बरी आहे, त्यामुळे कुठे काय बिघडलं ते कान देऊन ऐकणाऱ्याला नीट कळतं. आणि हे ऐकण्यासारखं आहेच, कारण जुनी बँड पुन्हा एकत्र येते तेव्हा जे जे बिघडू शकतं ते बहुतेक सगळं इथे एका जागी सापडतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पुनर्मीलनाची मैफल फसली की लोक वयाकडे बोट दाखवतात. इथे ते लागू नाही. त्या दिवशी पेज ४१ वर्षांचा होता, जोन्स ३९ चा, आणि प्लँटला ३७ वं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. तिघंही रिकामे बसलेले नव्हते. पेज द फर्म या नव्या बँडबरोबर दौरे करत होता आणि प्लँटचा स्वतःच्या बँडबरोबरचा दौरा चालूच होता. हात चालते होते, गळाही चालता होता, म्हणजे खरं तर जरा जास्तच चालला होता. वय आडवं आलं असं म्हणायला इथे जागा नाही.

आडवी आली ती तालीम. तालमीला मिळाला तासभर, फार तर दोन तास. पेजने पुढे सांगितलं आहे की जोन्स जवळपास त्याच दिवशी येऊन पोहोचला. आणि जी एक जागा भरायची होती, बॉनमची, तिथे दोन ड्रमर बसवले होते: शीक आणि द पॉवर स्टेशन या बँडचा टोनी थॉम्पसन, आणि जेनेसिस या बँडचा गायक-ड्रमर फिल कॉलिन्स. यातला कॉलिन्स तालमीला नव्हताच. त्या दिवशी दुपारी तो लंडनमध्ये वेम्बली स्टेडियमवर पियानोवर बसून गात होता. तिथून हेलिकॉप्टरने हीथ्रो, तिथून कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाने न्यूयॉर्क, पुन्हा हेलिकॉप्टरने फिलाडेल्फिया. उतरल्यावर एरिक क्लॅप्टनला ड्रमवर साथ केली, मग स्वतःची दोन गाणी म्हटली आणि मग तो झेपेलिनच्या मागे जाऊन बसला. टीव्हीसाठी हा प्रवास म्हणजे मोठी बातमी होती. पण दोन खंडांत एकाच दिवशी वाजवणारा माणूस दाखवायचा असेल तर तो तालमीला येणार नाही हे उघड होतं, आणि तरीही तो सौदा मान्य केला गेला.

दोन ड्रमर ही गोष्ट मुळात वाईट नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडमध्ये बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट वर्षानुवर्षं जोडीने वाजवत होते. कॉलिन्सला तर ही कला घरचीच. जेनेसिसमध्ये १९७७ पासून तो आणि चेस्टर थॉम्पसन मंचावर दोन सेट मांडून वाजवत आणि त्यांच्या उठावाच्या जागा काट्यावर जुळत. म्हणजे दोन ड्रम कसे बांधतात हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण ते बांधावे लागतात, आपोआप बांधले जात नाहीत. ठेका कोण धरणार, भरणा कोण करणार, कुठल्या मात्रेवर दोघांनी एकत्र मारायचं आणि कुठे एकाने हात आखडायचा, हे ओळीओळीने ठरवावं लागतं. जेनेसिसचं ते काट्यावरचं वाजवणं कित्येक दिवसांच्या तालमीतून आलेलं होतं. फिलाडेल्फियात दोघं पहिल्यांदा एकत्र वाजवत होते ते थेट जगापुढे.

मग काय होतं ते आकड्यांत सांगता येतं. ‘रॉक अँड रोल’ची लय मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास आहे. या लयीत अर्ध्या ठोक्याला सेकंदाचा पाचवा भागही मिळत नाही, साधारण १७५ मिलिसेकंद. दोन स्नेअर ड्रमवरचे (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरचे) फटके एकमेकांपासून २५-३० मिलिसेकंद सरकले की कानाला एक जाड फटका ऐकू येत नाही, दोन सुटे फटके ऐकू येतात. ड्रमर याला फ्लॅम म्हणतात. एक ड्रमर तो मुद्दाम मारतो तेव्हा ती शोभा असते, दोघांत मिळून न ठरवता झाला की ती गळती असते. त्यात आवाजाचा स्वतःचा वेळ मिळवा: हवेतून एक मीटर जायला आवाजाला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. दोन सेट पाच-सहा मीटरवर असले तर नुसत्या कानावर विसंबलेला ड्रमर दुसऱ्याच्या मागे १५ ते १८ मिलिसेकंद पडलेलाच असतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी दुसऱ्याचा स्नेअर आणि बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐकवणारा मॉनिटर स्पीकर, आणि तो नीट लावायला साउंडचेक, म्हणजे मैफलीआधीची आवाजाची चाचणी. कानात घालायचे मॉनिटर तेव्हा रुळलेले नव्हते. दिवसभर एकामागून एक बँड चढत-उतरत असलेल्या अशा कार्यक्रमात प्रत्येकाला निवांत साउंडचेक मिळत नाही. मंचावर जे ऐकू येईल त्यावर निभावायचं.

आणि सुरुवातीला निवडलं काय, तर नेमकं ‘रॉक अँड रोल’. हे गाणं ड्रमने सुरू होतं आणि त्या सुरुवातीत एक खोच आहे. पहिला फटका समेवर नाही. तो मात्रेच्या मधोमध, आधीच्या आवर्तनाच्या शेपटाला पडतो. तिथून हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि स्नेअरवर सरळ अर्ध्या ठोक्यांची माळ चालते, मधल्या काही ठोक्यांवर जोर, आणि साधारण चार आवर्तनांनी गिटार आत येते. नवखा माणूस पहिल्या फटक्यालाच सम समजून मोजायला लागला की गिटार त्याला अर्धी मात्रा सरकलेली वाटते आणि तो आपलं मोजणं मध्येच दुरुस्त करायला जातो. तेच घातक असतं. लिटल रिचर्डच्या ‘कीप अ-नॉकिन’ या गाण्याच्या ड्रम-सुरुवातीवरून बॉनमने हे घेतलं होतं, आणि ते त्याच्या हातात इतकं मुरलेलं होतं की इतर तिघांना मोजायची गरजच पडत नसे. एका ड्रमरला ही जागा पाठ करायला अर्धा तास पुरतो. दोघांनी ती एकसंध वाजवायची असेल तर दोघांनी शेजारी बसून पंचवीस वेळा घोटावी लागते. नाहीतर सरळ एकाने सुरुवात करावी आणि दुसऱ्याने गिटारबरोबर आत यावं. हा साधा निर्णयसुद्धा तालीम असेल तरच घेतला जातो.

बॉनमचा ठेका वरवर सोपा वाटतो म्हणून फसवतो. २६ इंची एकच बेस ड्रम, एकच पेडल, आणि उजव्या पायाने त्यावर उडवलेले तिहेरी ठोके. त्याचा हात किंचित मागे झुकून बसायचा आणि पाय पुढे ओढायचा. या दोन्हींच्या ओढाताणीतून त्या बँडला वजन यायचं, आणि पेजच्या रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वराकृती, त्या फटीत बसायच्या. थॉम्पसन अप्रतिम ड्रमर होता, डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’ आल्बममधल्या काही गाण्यांवरचा त्याचा हात कुणीही ओळखावा. कॉलिन्सने तर प्लँटच्या पहिल्या दोन स्वतंत्र आल्बमवर ड्रम वाजवले होते. पण एक फंकच्या घडणीचा, दुसरा प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, शिवाय कॉलिन्स डावरा, त्याचा सेट आरशातल्यासारखा उलटा मांडलेला. दोघांचा ठोका कुठे बसतो ते वेगळं. दोघांची सरासरी काढून बॉनम होत नाही. ऐकताना जे जाणवतं ते असं: जिथे एकच भक्कम खांब हवा तिथे दोन पातळ खांब आहेत, आणि पेज कधी एकावर रेलतो, कधी दुसऱ्यावर.

नंतरच्या वर्षांत सगळा दोष कॉलिन्सच्या माथी मारण्याची रीत पडली. ते न्याय्य नाही. त्याने पुढे सांगितलं आहे की मध्येच उठून जावंसं वाटत होतं, पण तसं केलं असतं तर जगभर चर्चा त्याचीच झाली असती. चित्रीकरणात तो बराच वेळ हात राखून वाजवताना दिसतो, आणि गोंधळलेल्या दोन-ड्रमच्या जोडीत शहाणा माणूस तेच करेल. शिवाय पुढे येणाऱ्या दोन गोष्टींशी कुठल्याच ड्रमरचा संबंध नाही.

पहिली गोष्ट गिटारची. पेजच्या हाती गिटार आली ती सुरात नव्हती, आणि सबंध वीस मिनिटं ती सुरात आली नाही. ‘स्टेअरवे टु हेवन’ला हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते गाणं लपायला जागाच देत नाही. पेज मंचावर त्यासाठी गिब्सनची दोन मानांची गिटार घेतो, वरची मान बारा तारांची, खालची सहा तारांची. सुरुवातीचे सुटे सुटे स्वर खालच्या मानेवर, मधला भाग बारा तारांवर, आणि शेवटचा सोलो पुन्हा खाली. एकूण अठरा तारा लावायच्या. बारा तारांच्या मानेवर खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात असते आणि वरच्या दोन जोड्या एकाच स्वराच्या. जोडीतली एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी ४४३ वर असेल तर सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. अशा सहा जोड्या, प्रत्येकीचं फुगणं वेगळं, की मग वाद्य डळमळल्यासारखं वाटतं. सहा तारांची गिटार जरा उतरलेली असली तर वादक बोटाने तार ओढून स्वर वर नेऊ शकतो. उघड्या तारांवर आणि बारा तारांच्या मानेवर ती सोय नाही.

हे होतं कसं? मागच्या खोलीत, सावलीत लावलेली गिटार तापलेल्या मंचावर, दिव्यांच्या झोताखाली आणली की पोलादी तारा काही मिनिटांत गरम होतात, प्रसरण पावतात आणि उतरतात. लाकूड आणि तार एकाच गतीने तापत नाहीत, आणि जाड-बारीक तारा सारख्या उतरत नाहीत, म्हणून सगळी गिटार एकसारखी खाली जात नाही, ती तिरकी होते. नवी तार असेल तर ती ताणून ताणून बसवलेली हवी, नाहीतर पहिल्या जोरकस रिफला सरकते. उपाय ठरलेले आहेत: वाद्यं निदान तासभर आधी मंचाच्या कडेला आणून त्या हवेत मुरू द्यायची, चढण्याच्या अगदी आधी पुन्हा लावायची, आणि प्रत्येक गाण्यासाठी लावलेली दुसरी गिटार हाताशी ठेवायची. पायाने दाबून आवाज बंद करायचा आणि मंचावरच तार तपासायची, असे पेडल ट्यूनर तेव्हा सर्रास नव्हते, त्यामुळे सगळी भिस्त वाद्य सांभाळणाऱ्या माणसावर. आपली ठरलेली माणसं आणि ठरलेली घडी बसलेली असली तर हे आपोआप होतं. घाईघाईत गोळा झालेल्या एका दिवसाच्या बँडकडे ती घडी नसते.

आणि गिटार उतरलेली कळल्यावर काय करायचं? थांबायचं. चाळीस सेकंद गायकाने लोकांशी बोलावं, तेवढ्यात गिटारवादकाने पाठ फिरवून तारा लावून घ्याव्यात. नव्वद हजार लोक ओरडत असताना आणि पुढचा कार्यक्रम घड्याळावर बांधलेला असताना हे सोपं नाही, पण आठ मिनिटांचं गाणं बेसूर वाजण्यापेक्षा ते बरं. इथे तसं झालं नाही.

दुसरी गोष्ट गळ्याची. प्लँट दौऱ्यातून थकलेला, घसा बसलेला. सुजलेल्या स्वरतंतूंना आधी वरचे स्वर सोडून जातात, त्यातही हळू म्हटलेले. जोर लावला की स्वर निघतो, पण फाटून, आणि जोर लावल्यामुळे पुढचा आणखी फाटतो. ‘रॉक अँड रोल’ मूळ ‘ए’मध्ये आहे, पेटीच्या भाषेत पांढरी सहा, आणि प्लँटची ओळ त्या पट्टीच्या वरच्या टोकाला लटकलेली. १९७१ च्या आल्बमवर २२ वर्षांच्या गळ्याने म्हटलेली ती ओळ थकलेल्या गळ्याने त्याच उंचीवर म्हणायची, ही कल्पनाच चुकीची होती. पट्टी अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने उतरवली असती तर लोकांच्या लक्षातही आलं नसतं. पण ते ऐन वेळी होत नाही. सगळ्या गिटारी आणि बेस खाली लावायचे म्हणजे तारा सैल पडतात, त्यासाठी जरा जाड तारा चढवाव्या लागतात, मान आणि ब्रिज पुन्हा जुळवावा लागतो, कीबोर्ड वाजवणाऱ्याला बोटं नव्या जागी बसवावी लागतात. एवढं करायला किमान दोन-तीन दिवस हवेत. नाहीतर गायकाने चाल खालून फिरवून घ्यायची. प्लँट तसं करायचा प्रयत्न करतो, काही जागी ते जमतंही, पण मागून आधाराला सुरातली गिटार नसल्यावर गायकाने टेकायचं कुठे?

‘होल लॉटा लव्ह’ त्यातल्या त्यात उभं राहतं. रिफ अशी आहे की ती थोड्या उतरलेल्या गिटारवरही ओळखू येते, सगळे एकाच आकृतीवर तुटून पडतात, आणि जोन्सचा हात या सगळ्यात सर्वांत स्थिर आहे. प्लँटच्या बँडमधला पॉल मार्टिनेझ बेससाठी सोबतीला होता, कारण जोन्सला कीबोर्डकडेही वळायचं होतं, आणि बेसची बाजू कुठेही ढासळत नाही. धोका मधल्या मोकळ्या भागात आहे. जुन्या मैफलींत हा भाग पाच मिनिटंही चालायचा, वीसही, आणि तिथून रिफवर परत यायचं ते ड्रमच्या एका फटकाऱ्यावर. बॉनम ते नजरेच्या खुणेवरून ओळखायचा. त्या नजरेच्या खुणा कागदावर लिहून देता येत नाहीत. म्हणून इथे तो भाग आखडून घेतला, आणि गाण्यातला जीव नेमका तिथेच होता.

‘स्टेअरवे’ची रचना दोन-ड्रमच्या जोडीला आणखी अवघड. आठ मिनिटांच्या मूळ गाण्यात ड्रम निम्मं गाणं उलटून गेल्यावर येतात, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत लय हळूहळू चढत जाते. ही चढण मेट्रोनोमवर नाही, चौघांच्या अंदाजावर आहे. दोन ड्रमर असले की चढणीचे अंदाजही दोन.

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात, उलट उदाहरणंही आहेत. वेम्बलीवर क्वीनने वीस-एकवीस मिनिटांत जे केलं ते त्यांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये आधी काही दिवस घड्याळ लावून घोटलं होतं, गाणी कापून कापून बसवली होती. जेएफकेवर सकाळी ब्लॅक सॅबथची मूळची चौकडी ऑझी ऑस्बॉर्नसह पुन्हा एकत्र आली. तेही तीनच गाणी वाजवून गेले, पण ड्रमवर त्यांचा स्वतःचा बिल वॉर्ड होता. ज्या बँडचा ताल जागेवर आहे तिला तीन गाण्यांत फार काही होत नाही. ज्या बँडचा तालच गेला आहे तिने तीन गाण्यांत अख्खा हिशेब चुकता करायला जाऊ नये.

आणि एक नाव जवळच होतं. बॉनमचा मुलगा जेसन १३ जुलै १९८५ ला एकोणिसाचा व्हायला दोन दिवस कमी होता, आणि तोवर एअररेस या ब्रिटिश बँडमध्ये ड्रम वाजवून एक आल्बमही करून झाला होता. तो १९८५ मध्ये बसला असता तर सगळं निभावलं असतं असं नाही. पण एकच ड्रमर, तोही ही गाणी लहानपणापासून कानात असलेला, आणि त्याच्यासोबत चार दिवस, एवढं मिळालं असतं तर निदान पाया तरी एक झाला असता.

१४ मे १९८८ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या चाळिसाव्या वाढदिवशी, जेसन बसला. तीही मैफल फसली, पण वेगळ्या कारणाने. ‘कश्मीर’ने सुरुवात केली आणि टीव्हीवर जाणाऱ्या आवाजात जोन्सचे कीबोर्डच गायब, म्हणजे गाण्याचा अर्धा देह नाही. ‘स्टेअरवे’ म्हणायचं की नाही यावर पेज आणि प्लँटचं ऐन वेळेपर्यंत एकमत नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा प्लँट शब्दांत अडखळला. ताल सुधारला होता, बाकीची व्यवस्था नाही.

धडा घेतला तो २००७ मध्ये. अटलांटिकचे संस्थापक अहमत एर्टेगन यांच्या स्मरणार्थ लंडनच्या ओटू अरीनात मैफल ठरली. तिकीट १२५ पौंडांचं, मागणी दोन कोटींच्या घरात, म्हणून सोडत काढावी लागली. आधीची तारीख २६ नोव्हेंबरची होती. पेजच्या बोटाचं हाड मोडलं तेव्हा कुणी घाई केली नाही, मैफल १० डिसेंबरला ढकलली. दोन तासांहून जास्त वेळ, सोळा गाणी, ड्रमवर एकटा जेसन, आणि मागे कित्येक आठवड्यांची तालीम. बरीच गाणी मूळ पट्टीच्या खाली उतरवली होती. प्लँट ५९ चा, जोन्स ६१ चा, पेज ६३ चा, आणि तिघंही १९८५ पेक्षा चांगले. ‘फॉर युअर लाइफ’ हे १९७६ मधलं गाणं तर त्यांनी पहिल्यांदाच लोकांपुढे वाजवलं. ज्या बँडच्या हाताशी नवं गाणं बसवायलाही वेळ आहे, तिच्या जुन्या गाण्यांची काळजी करायची गरज नसते.

म्हणून कुठल्याही जुन्या बँडच्या पुनर्मीलनाचं तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात. ड्रमवर कोण आहे आणि तो एकटा आहे का. तालीम किती आठवड्यांची, आणि मोठ्या मैफलीआधी एखादी छोटी मैफल झाली आहे का. आणि स्वतंत्र मैफल आहे की दिवसभराच्या कार्यक्रमातली वीस मिनिटं. तिसऱ्याचं उत्तर वीस मिनिटं असेल तर पहिल्या दोन्ही गोष्टी पक्क्या असल्याशिवाय पैसे घालू नयेत. गायक गाणी खालच्या पट्टीत म्हणतोय असं कळलं तर त्याला कमीपणा समजू नये. गळ्याचा विचार कुणीतरी केला आहे, एवढंच त्यातून कळतं.

फिलाडेल्फियाचं रेकॉर्डिंग ऐकायचंच असेल तर हेडफोनवर ऐका, आणि ‘रॉक अँड रोल’ची पहिलं अर्धं मिनिट दोन-तीनदा लावा. मग २०१२ मध्ये ‘सेलिब्रेशन डे’ या नावाने निघालेलं ओटूचं रेकॉर्डिंग घ्या. ‘रॉक अँड रोल’ तिथे सगळ्यात शेवटी आहे, दोन तास वाजवून झाल्यावर, आणि ड्रमची तीच अवघड सुरुवात एकाच माणसाच्या हातून येते, गिटार तिच्यावर पाय ठेवून आत शिरते. मैफलीचं पहिलं गाणं मात्र ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. १९६९ च्या पहिल्या आल्बमचं पहिलं गाणं, ज्यात जॉन बॉनमने एकाच पेडलवर ते तिहेरी ठोके पहिल्यांदा जगाला ऐकवले होते. बेस ड्रमकडे कान ठेवा. मुलाचा पाय ते ठोके वाजवतो, आणि जोन्स त्याच्या इतक्या जवळून बेस वाजवतो की दोन वाद्यं वेगळी काढता येत नाहीत.